बिघाड नेमका कुठे? : संगणकाच्या निदानाची साठ वर्षे, कुलाबा ते रेवदंडा

रेवदंड्याच्या कोटात सातखणी बुरुजाच्या पायथ्याशी जुन्या लोखंडी तोफा पडून आहेत. कुंडलिकेच्या मुखावरून येणारा खारा वारा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या खातो आहे. हाच वारा आज गावातल्या दुकानात, पतपेढीत, शाळेच्या संगणक-खोलीत शिरतो. तोफेचे पापुद्रे सुटायला शतके लागली. संगणकाच्या बोर्डावर तांब्याच्या ज्या केसाएवढ्या वाटा असतात, त्यांना दोन-चार पावसाळेही पुरतात.

मग एखाद्या दिवशी संगणक चालता चालता थांबतो. पडदा निळा पडतो, किंवा यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते, किंवा पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच उमटत नाही. दुरुस्तीला नेल्यावर बहुतेक वेळा दोन शब्दांचे उत्तर मिळते : "बोर्ड गेला." पण कोणता बोर्ड, त्यावरचा कोणता भाग आणि तो का गेला, हे तीन प्रश्न त्या दोन शब्दांत शिल्लकच राहतात.

या तीन प्रश्नांनाही इतिहास आहे आणि त्याचा बराच भाग आपल्याच किनाऱ्यावर घडला आहे. त्या इतिहासाकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. बिघडल्यावर बदलण्याचा तुकडा दर पिढीत मोठा होत गेला : आधी नळी, मग कार्ड, मग बोर्ड आणि आता संपूर्ण यंत्र. त्यामुळे दुरुस्ती झटपट होऊ लागली, पण बिघाडाचे कारण शोधण्याची सवय मागे पडली. शहरात हे फारसे जाणवत नाही. किनाऱ्यावरच्या गावाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, कारण बोर्ड नवा आला तरी वारा तोच असतो.

दोन वेधशाळा, एक धडा

सुरुवात संगणकाच्या आधीपासून करायला हवी. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, आणि मुंबईच्या दक्षिण टोकालाही कुलाबाच आहे. या दोन कुलाब्यांना जोडणारी एक वैज्ञानिक कथा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने नाजूक चुंबकीय उपकरणे बहकणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय कामासाठी अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला आणि १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे. मूस यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. खाडीच्या दोन बाजूंना बसलेली उपकरणे एकच पृथ्वी मोजत होती. दोन्हीकडे एकदम दिसणारा बदल पृथ्वीचा असणार. एकीकडेच दिसणारा बदल त्या जागेचा किंवा त्या उपकरणाचा असणार. यानंतर १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, पण तोवर जुन्या आणि नव्या नोंदींची सांगड बसलेली होती.

बिघाडाच्या निदानाचे सगळे शास्त्र बीजरूपाने इथे आहे. ज्याची खात्री आहे अशी एक वस्तू हवी, ती संशयित वस्तूशेजारी त्याच परिस्थितीत ठेवून पाहायला हवी, आणि फरक कशामुळे पडला हे ठरेपर्यंत धीर धरायला हवा.

नळ्यांचा काळ

अर्धशतकानंतर मुंबईच्या त्याच कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भारतात रचलेला व बांधलेला पहिला सर्वसाधारण उपयोगाचा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार केला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या लहानशा गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ मध्ये चालले. पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. हा सारा संसार अठरा फूट लांब, अडीच फूट खोल आणि आठ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसवलेला होता, आणि आतल्या मंडलांपर्यंत हात पोचावा म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दारे होती. कपाटाला दोन्हीकडून दारे ठेवण्यात दूरदृष्टी होती. हे यंत्र बिघडणार आणि बिघडल्यावर आत शिरावे लागणार, हे बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरले होते.

साधा हिशेब करून पाहू. एका नळीचे सरासरी आयुष्य समजा दहा हजार तास धरले. २,७०० नळ्या एकदम चालू असतील तर सरासरीने दर पावणेचार तासांनी एक नळी जाणार. बरे, नळी दिव्यासारखी सरळ विझली तर ते नशीबच. ती हळूहळू दुबळी होते आणि मधूनच एखादी चूक करते. गणित चुकते, पण यंत्र चालूच राहते. असा बिघाड शोधायला सर्वांत कठीण.

यावर जगभर रूढ झालेली एक युक्ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'व्हर्लविंड' या संगणकावर विकसित झाली होती. यंत्र ठीक चालू असतानाच देखभालीच्या वेळी त्याच्या एकेका भागाचा वीजदाब मुद्दाम थोडा कमी-जास्त करायचा. धडधाकट नळी हा त्रास सोसते. दुबळी लगेच चुकते. उद्या कामाच्या वेळी दगा देणारी नळी आजच पकडली जाते. रोग्याला पळायला लावून हृदयाचा आलेख काढावा, तसाच हा प्रकार.

स्मृतीचा बिघाड शोधण्याची रीत तर फारच देखणी होती. टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. सुरुवातीला तिच्यात १,०२४ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे, म्हणजे ४०,९६० कडी. अशा स्मृतीत कडी जाळीसारख्या तारांत ओवलेली असतात, आणि प्रत्येक बिटासाठी एक स्वतंत्र जाळी असते. सगळीकडे शून्य लिहायचे आणि वाचायचे. मग सगळीकडे एक. मग बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून. चुका कुठे येतात त्यांची आकृती काढली की बिघाडाची जागा कळते. सगळ्या शब्दांत एकच ठरावीक बिट चुकत असेल तर त्या जाळीचे वाचन किंवा लेखन-मंडल संशयित. एका ओळीतले सगळे पत्ते चुकत असतील तर त्या ओळीच्या तारेला प्रवाह देणारा भाग संशयित. एकाच पत्त्यावर एकच बिट चुकत असेल तर ते एक कडे. एकही भाग न उघडता, केवळ चुकांच्या मांडणीवरून, चाळीस हजारांतून एकापर्यंत पोचता येत होते. चूक किती झाली यापेक्षा ती कोणत्या आकृतीत झाली याला महत्त्व होते.

कार्डांचा काळ

टिफ्रॅकला ज्यांनी बांधले तेच त्याचे वैद्यही होते. व्यापारी संगणक आले तेव्हा हे चित्र बदलले. आयबीएमचा १४०१ हा ट्रान्झिस्टरचा संगणक १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेलकंपनीत आला आणि पुढे देशभर अनेक कचेऱ्यांत पोचला. त्याची मंडले साडेचार इंच लांब, अडीच इंच रुंद अशा छोट्या कार्डांवर होती. प्रत्येक कार्डाच्या कडेला सोळा संपर्कपट्ट्या असत. अशी शेकडो कार्डे खाचांमध्ये ओळीने बसवलेली असत.

आता ट्रान्झिस्टर शोधायचा नव्हता, कार्ड शोधायचे होते. एकाच जातीची कार्डे यंत्रात अनेक ठिकाणी असल्यामुळे अदलाबदलीची रीत सोपी झाली. संशयित कार्ड काढून दुसऱ्या जागेवरच्या सारख्या कार्डाशी बदलायचे. बिघाड कार्डाबरोबर दुसऱ्या जागी गेला तर दोष कार्डाचा. जागेवरच राहिला तर दोष खाचेचा, तारेचा किंवा वीजपुरवठ्याचा.

या रीतीत एक सापळाही आहे आणि तो आजच्या दुरुस्तीतही तसाच आहे. कार्ड काढून पुन्हा बसवले की संपर्कपट्टी खाचेत घासली जाते आणि तिच्यावरचे मळाचे किंवा गंजाचे पटल निघते. म्हणजे कार्ड चांगले असूनही, केवळ काढघालीने, यंत्र सुरू होते. नवे कार्ड घातले, यंत्र चालले, म्हणजे जुने खराब होते, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. खात्री करायची तर जुने कार्ड परत घालून बिघाड परत येतो का ते पाहावे लागते. ही शेवटची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त गाळली जाणारी आहे.

१९७८ ची परीक्षा

कार्डे बदलण्याची पद्धत एका अटीवर उभी होती : कार्डे पुरवणारा कोणीतरी हवा. १९७३ च्या परकी चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातल्या व्यवसायातला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणणे भाग होते. आयबीएमला ते मान्य नव्हते. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला. यंत्रे मात्र इथेच राहिली. रेल्वे, विमा, बँका, कारखाने यांची पगारपत्रके आणि हिशेब त्यांच्यावर चालत होते.

ही यंत्रे सांभाळायची जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. पुढे ती सीएमसी याच नावाने ओळखली गेली. कंपनीच्या मूळ नावातच 'देखभाल' आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या यंत्रांचा निर्माता देशात नाही, ती चालू ठेवायची होती. खराब कार्ड फेकून नवे मागवणे ही जिथे सहजसाध्य गोष्ट राहत नाही, तिथे कार्डावरचा एक ट्रान्झिस्टर शोधून बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. निदान पुन्हा एकदा लहान तुकड्याकडे वळवावे लागले. वेगवेगळ्या निर्मात्यांची यंत्रे एकाच हाताखाली आल्याने, नकाशा कुणाचाही असो, बिघाडाकडे जाण्याची पद्धत एकच असते, हेही या मंडळींना शिकावे लागले. याच कंपनीने पुढे १९८०च्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणक-प्रणाली उभी केली. दुरुस्तीतून मिळालेले ज्ञान बांधणीच्या कामी आले.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला, तेव्हा प्रश्न आणखी वेगळा होता. इथे एक नव्हे, अनेक संगणक एकमेकांना जोडलेले होते. त्यात वापरलेल्या ट्रान्सप्युटर चिपला शेजाऱ्यांशी बोलण्याच्या चार वाटा असत. ट्रान्सप्युटरच्या जाळ्यासाठी एक मजेदार तपासनीस प्रोग्रॅम वापरला जाई. तो एका टोकाने आत शिरे, एका चिपवरून दुसरीवर स्वतःची प्रत पाठवत सरके आणि कोण उत्तर देते, कोणती वाट बंद आहे याचा नकाशा घेऊन परत येई. वारीच्या दिंडीत हजेरी घ्यावी तसे. जो उत्तर देत नाही तो बोर्ड बाहेर काढायचा.

बोर्ड गेला

१९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर अशी यंत्रे भारतात सुटी जोडून विकली जाऊ लागली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे त्याचे मोठे पेठेचे ठिकाण झाले. कोकणातल्या कितीतरी दुरुस्तीवाल्यांनी पहिला मदरबोर्ड तिथूनच आणला असेल.

या संगणकाची एक चांगली सोय म्हणजे सुरू होताना तो स्वतःची तपासणी करतो. पडदा चालण्याआधीच काही अडले तर तो शिट्ट्यांच्या लांब-आखूड आवाजांतून तक्रार सांगतो. शिवाय तपासणीची प्रत्येक पायरी एका ठरावीक दाराशी आकड्याने नोंदवली जाते. दोन अंक दाखवणारे स्वस्तातले तपासणी-कार्ड खाचेत घातले की यंत्र कोणत्या पायरीवर अडकले ते दिसते. टिफ्रॅकच्या चुकांच्या आकृतीचीच ही लहान आवृत्ती.

चांगला दुरुस्तीवाला आजही याच रीतीने जातो. चूक प्रत्येक वेळी त्याच कामात, त्याच जागी येते की कुठेही, कधीही? ठरावीक जागी येत असेल तर आधी प्रोग्रॅम तपासावा. दर वेळी नवीच तक्रार असेल तर संशय रॅम, वीजपुरवठा किंवा उष्णतेकडे जातो. मग सगळे काढून फक्त वीजपुरवठा, बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी ठेवायची. तेवढ्यावर यंत्र सुरू झाले तर एकेक भाग जोडत जायचे. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले तर उत्तर कुणामुळे मिळाले ते कळत नाही.

याच काळात एक धडा जगभर मिळाला. २००० नंतरच्या काही वर्षांत असंख्य मदरबोर्डांवरचे कॅपॅसिटर फुगू आणि गळू लागले. आतला द्रव सदोष होता. लक्षण मात्र 'मधूनच बंद पडतो' एवढेच. अनेक ठिकाणी पूर्ण बोर्ड बदलले गेले. पण ज्याने बोर्ड उघडून नीट पाहिला त्याला डबीचे फुगलेले डोके डोळ्यांनी दिसले. काही रुपयांचे भाग डाख देऊन बदलले की तोच बोर्ड पुन्हा चालला.

किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळतो. कोकणच्या पावसाळ्यात ही मर्यादा ओलांडली जाणे रोजचेच. बोर्डावर धुळीबरोबर बसलेले मीठ असे ओले होते आणि दोन वाटांच्या मध्ये विजेला चोरवाट मिळते. यंत्र चालू असेल तर धातूचे कण त्या ओलाव्यातून सरकत जाऊन झाडाच्या फांद्यांसारखी बारीक वाढ तयार करतात. आपल्या आज्या पितळी पातेल्यात ताक ठेवत नसत, कारण ते कळकते. कल्हईवाला नवसागर टाकून तांब्या-पितळेवर कथिलाचा थर चढवी. बोर्डाच्या तांब्यावर कारखान्यात चढवलेला कथिलाचा मुलामाही त्याच जातीची कल्हई आहे. ती जिथे झिजली, तिथे बोर्ड कळकतो.

अशा बोर्डाची जागा नव्याने घेतली आणि संगणक त्याच उघड्या खिडकीशी ठेवला, तर काही पावसाळ्यांनी तीच कहाणी. बोर्ड बदलला, पण निदान झालेच नव्हते.

निसर्गनंतर

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. टाळेबंदीचा काळ होता. शाळा पडद्यावर भरवायची तयारी चालू होती. सातबारा, दाखले, अनुदानाचे अर्ज, सगळेच संगणकावर आलेले. नुकसानीची नोंद करायलाही संगणक हवा होता.

अशा वादळानंतर यंत्रे तीन निरनिराळ्या कारणांनी मरतात. काहींवर छपरातून पाणी पडते. ती लगेच सुरू न करता उघडून, गोड्या पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवली तर वाचण्याची शक्यता असते; ओली असतानाच कळ दाबली की संपतात. काही यंत्रे वादळात मरतच नाहीत, वीज परत आल्यावर मरतात. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रलची तार तुटलेली किंवा सैल राहिली, तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ दाब जाऊ शकतो आणि शेजारच्या घरात दिवे मिणमिणतात. अशा वेळी वीजपुरवठ्याच्या डबीतले रक्षक भाग आधी जळतात. मागचा मदरबोर्ड पुष्कळदा शाबूत असतो. तिसरी यंत्रे महिनाभर दमट खोलीत बंद राहून कळकतात. बाहेरून तिन्ही सारखीच मुकी.

तिन्हींना "बोर्ड गेला" हे एकच उत्तर दिले तर पहिल्यातली माहिती हकनाक जाते, दुसऱ्यात चांगला बोर्ड कचऱ्यात जातो आणि सैल न्यूट्रल पुढच्या यंत्राची वाट पाहत तशीच राहते, तिसऱ्यात दमट खोली तशीच राहते. दुसऱ्या प्रकरणात तर खरे निदान संगणकात नसतेच. ते खांबावर असते. ते सांगू शकतो फक्त तोच, ज्याने एकाच आळीतल्या चार घरांच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मूस यांनी कुलाबा आणि अलिबागच्या नोंदींचे केले ते हेच.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी संकेतस्थळ सुरू केले, इ-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सुटे भाग आणि नकाशे मिळणे हा हक्क महत्त्वाचा आहेच. पण १९७८ चा अनुभव सांगतो की नकाशा हातात असून भागत नाही, तो वाचायची सवयही लागते. आणि ती सवय महागड्या उपकरणांवर अवलंबून नाही.

त्यासाठी दुरुस्तीच्या टेबलावर एक वही पुरे : तारीख, लक्षण, काय काय बदलले, जुना भाग परत लावल्यावर काय झाले, शेवटी कारण काय निघाले आणि यंत्र कुठे ठेवलेले होते. कुठल्या आळीतल्या तक्रारी जूनमध्ये वाढतात, कुठल्या खांबाखाली वीजपुरवठ्याच्या डबी पुन्हा पुन्हा जळतात, हे अशा वहीच्या दोन-तीन वर्षांच्या पानांतून आपोआप दिसू लागेल. अलिबागच्या वेधशाळेतल्या नोंदी आज शतकाहून अधिक काळ सलग चालू आहेत. तिथून थोड्याच अंतरावर, रेवदंड्याच्या बाजारात, असल्या एका साध्या वहीची सुरुवात करायला कुणाची परवानगी लागणार नाही.